बायला न आलेले शब्द

तिला घरात सगळे ‘बाय’ म्हणायचे. त्या भागात कुठल्याही लहान मुलीला लाडाने बाय म्हणतात, म्हणून मीही इथे तेवढंच लिहिते. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला नुकतं दुसरं वर्ष संपलं होतं आणि ती अंगणात वाळत घातलेल्या नागलीवरून कोंबड्या हाकलत होती. कोंबड्या तिला अजिबात घाबरत नव्हत्या. ती हात वर करून धावायची, त्या दोन पावलं मागे सरायच्या आणि पुन्हा दाणे टिपायला लागायच्या.

त्यांचा पाडा मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा खाली होता. मी जव्हारला एसटी डेपोच्या मागे एक खोली भाड्याने घेतली होती आणि तिथून कधी बसने, कधी जीपने ये-जा करायची. माझी नोकरी मुंबईतल्या एका संस्थेत. काम सांगायला जरा विचित्र वाटतं. मूल शब्दांचे अर्थ कसं शिकतं, ते मी संगणकाला करून बघायला लावते.

मुलाला कोणी अर्थ समजावून देत नाही. आई म्हणते, ‘भाकर जळली.’ त्या वेळी समोर भाकर असते, तवा असतो, चूल, धूर, दारातलं मांजर, सगळंच असतं. यातलं ‘भाकर’ म्हणजे कोणतं? एकदा ऐकून ते कळणं शक्य नाही. पण दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा येतो, तेव्हा मांजर नसतं. तिसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर तो येतो, तेव्हा चूल नसते, तवाही नसतो. असं करत करत नको त्या गोष्टी गळत जातात आणि शब्द एका वस्तूला चिकटतो. मी लिहिलेला प्रोग्राम हेच करायचा. मुलाने जे ऐकलं ते त्याला ऐकवायचं, त्या क्षणी समोर काय काय होतं ते सांगायचं, आणि तो कोणता शब्द कधी शिकतो ते बघायचं.

असे प्रोग्राम बहुतेक वेळा शहरातल्या, एकच भाषा बोलणाऱ्या घरांमधल्या आवाजांवर चालवतात. मला जिथे घरात एक बोली आणि अंगणवाडीत दुसरी मराठी आहे अशा ठिकाणी ते करून बघायचं होतं. पाड्यावरची काही कुटुंबं तयार झाली. मुलांना बिनबाह्यांचं एक जाकीट शिवून घेतलं होतं, त्याच्या छातीवरच्या खिशात काडेपेटीएवढा रेकॉर्डर बसायचा. मूल दिवसभर हुंदडायचं आणि त्याच्या अवतीभवती बोललेलं सगळं त्यात साठायचं. मी आणि अंगणवाडीच्या ताई आळीपाळीने व्हिडिओ घ्यायचो, म्हणजे समोर काय होतं तेही कळे. ताई शेजारच्याच पाड्यावरच्या. बोलीतला एखादा शब्द मला अडला की त्या सांगायच्या.

प्रत्येक मुलाचा प्रोग्राम वेगळा होता. त्या मुलाने ऐकलेलंच फक्त त्याला मिळायचं. अधूनमधून मी मुलांना घरातल्याच वस्तूंचे फोटो दाखवून विचारायची, ‘कोयता कुठाय? सूप कुठाय?’ मुलं बोट ठेवायची. मग मुलाला आलेले शब्द आणि प्रोग्रामला आलेले शब्द शेजारी ठेवून बघायचे. बाकी मुलांच्या बाबतीत दोघे साधारण बरोबरीने चालत. मूल थोडं पुढे, प्रोग्राम थोडा मागे. तसंच व्हायला हवं होतं.

बायच्या बाबतीत उलटं होत होतं. तिचा प्रोग्राम भराभर शिकत होता आणि बाय तिथेच होती. आंबा विचारला की ती हसून आंब्यावर बोट ठेवायची. बैल, पाणी, मामा, भोपळा, सगळं बरोबर. पण चूल विचारली की माझ्या तोंडाकडे बघत राहायची. सूप विचारलं तरी तसंच. मग कशावर तरी बोट टेकवून माझा चेहरा निरखायची, बरोबर आलं का ते बघायला.

तिची आई याची फारशी काळजी करत नव्हती. “ती तशीच हाय, बाई,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीचा पोरगा पण उशिरा बोलला. आता तोंड बंद ठेवत नाय.”

तिचे वडील शेतीची कामं संपली की वसईकडे बांधकामावर जायचे आणि सणाला यायचे. ते फक्त म्हणाले, “बोलेल. घाई काय हाय?”

पाड्यावर मात्र काही बायका तिला खुळी म्हणत. मी समोर असताना म्हणत नसत, पण रेकॉर्डर सगळं ऐकत होता.

मुंबईतल्या आमच्या प्रमुखांना मी हे फोनवर सांगितलं. त्यांचं मत स्पष्ट होतं. मुलापेक्षा प्रोग्राम हुशार निघाला, तर चूक प्रोग्रामची. “त्याची स्मरणशक्ती कमी कर,” ते म्हणाले. “मूल सगळं लक्षात ठेवत नाही.” मी तसं केलं. प्रोग्रामला विसरायला शिकवलं. त्याचं लक्ष अर्ध्या वेळी भलतीकडे जाईल असं केलं. तो मंद झाला, पण त्याचं मंद होणं बायसारखं नव्हतं. क्वचित ऐकलेले शब्द त्याला येईनासे झाले आणि रोजचे टिकले. बायला तर रोजचेच शब्द येत नव्हते. चूल तिच्या घरात दिवसातून कितीदा बोलली जात असेल. भोपळा आठवड्यातून एकदा. आणि तिला भोपळा येत होता.

मी दोन भाषांच्या गोंधळात याचं कारण शोधत होते. माझं कामच त्यावर बेतलेलं होतं. पण येणारे शब्द बोलीतलेही होते आणि मराठीतलेही, न येणारेही दोन्हीकडचे.

पावसाळा संपता संपता एक दुपार आली, ती मला नीट आठवते. मी जव्हारच्या खोलीत बसून आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकत होते. बाय घरामागच्या गवतात खेळत होती. ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, शब्द नसलेलं, एका लयीत. दूरवर कोणीतरी लाकूड फोडत होतं. मग मागून तिच्या आईचा आवाज आला.

“साप. साप. सरक, सरक तिथून.”

आवाज पुरता फाटलेला होता. मी खुर्चीत ताठ बसले. रेकॉर्डर बायच्या छातीवर होता, त्यामुळे मला तिचा श्वासही ऐकू येत होता. तो जरासुद्धा बदलला नाही. ती गुणगुणतच राहिली. आई पुन्हा ओरडली, धावत येणारी पावलं वाजली, जाकिटाचं कापड ओढल्याचा खरखराट झाला आणि तेव्हा कुठे बाय घाबरून रडायला लागली.

मी ते थांबवलं आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. प्रोग्रामसाठी तो प्रसंग उत्तम होता. इतका जोरात, इतका स्पष्ट शब्द. त्याने तो एका फटक्यात शिकलाही.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. साप लांबून निघून गेला होता, कोणाला काही झालं नव्हतं. आईने हसत सांगितलं, “भीती म्हणून ठाऊक नाय हिला.” वडीलही घरीच होते. त्यांच्या बोलण्यात थोडा अभिमानच होता. “डोंगरातली पोर हाय,” ते म्हणाले. मला काहीतरी खुपत राहिलं, पण काय ते कळत नव्हतं. बाय त्या वेळी माझ्या मांडीवर येऊन बसली होती आणि माझ्या ओढणीच्या गोंड्याशी खेळत होती.

थंडीत मला खोकला झाला. ताई म्हणाल्या, “मॅडम, लहान पोरं हायेत, मास्क लावा.” मी लावला. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मुलांना फोटो दाखवायला सुरुवात केली. बाकी मुलांनी नेहमीसारखीच उत्तरं दिली. मास्कमुळे एखादा शब्द पुन्हा विचारावा लागला, एवढंच.

मग बाय आली. मी तिला सगळ्यात सोप्यापासून सुरू केलं.

“बाय, आंबा कुठाय?”

तिने माझ्याकडे पाहिलं. फोटोंकडे पाहिलंच नाही.

“आंबा, बाय. आंबा.”

ती पुढे सरकली आणि माझा मास्क ओढायला लागली. मी तो धरून ठेवला आणि बैल विचारला. तिने चमच्यावर बोट ठेवलं. भोपळा विचारला, तर पुन्हा चमचा. गेले कित्येक महिने न चुकता ओळखलेले शब्द एकामागून एक नाहीसे होत होते. मी मास्क खाली केला आणि अगदी त्याच आवाजात म्हटलं, “आंबा कुठाय?” तिने लगेच आंबा दाखवला आणि हसली. मी मास्क वर केला. तिचं हसू गेलं. आता ती घाबरली होती.

ती माझे शब्द ऐकत नव्हती. ती ते बघत होती.

“ताई,” मी म्हटलं, “हिला ऐकू येत नाही.”

ताईंचा विश्वासच बसेना. “असं कसं? मॅडम, हिला ऐकायला येतं. काल एसटी आली तर पहिली हीच पळाली रस्त्याकडं. तारपा वाजला की नाचते. हाक मारून बघा.”

बाय आमच्याकडे पाठ करून बसली होती. ताईंनी मागून हाक मारली, “बाय.” तिने लगेच वळून पाहिलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, बघा म्हणून. मीही गोंधळले. मग बाय पुन्हा खेळायला लागल्यावर मी, का कोण जाणे, म्हटलं, “चिंच.” चिंचेवर तिचा जीव होता. अंगणवाडीमागच्या झाडाखालून तिला ओढून आणावं लागे. ती हलली नाही. मी जोरात म्हटलं, “चिंच.” बाकीची मुलं आपल्याला चिंच मिळणार म्हणून उठून उभी राहिली. बाय तशीच बसून राहिली, पाटीवर रेघा ओढत.

ताई खाली बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

परतताना जीपमध्ये मी बायचे शब्द मनातल्या मनात उच्चारत होते. आंबा, बैल, मामा, भोपळा, मुंगी, डोंगर. आणि न येणारे. चूल, सूप, साप, शेत, शेळी, चिखल, केस, काठी, खाट. जव्हारचा घाट चढताना मी ते पुटपुटायला लागले, शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. मी इतके महिने हे शब्द किती वेळा ऐकले, कोणत्या भाषेतले, कोणाच्या तोंडचे, अशा सगळ्या तऱ्हांनी लावून बघितले होते. कानाने मात्र कधी ऐकले नव्हते. येणाऱ्या शब्दांत घुमणारे, जड आवाज होते. म, ब, ग, ल. त्यातले निम्मे ओठांवर दिसणारे. मास्कने ओठही झाकले आणि उरलेला आवाजही दाबला, म्हणून तेही हरवले होते. न येणाऱ्यांत स, श, च, ख, ठ. बारीक, फुंकरीचे, फटकन तुटणारे आवाज. तिला जग ऐकू येत होतं, पण त्यातला वरचा भाग कापलेला होता. एसटीचं इंजिन होतं, तारपा होता, स्वतःची हाक होती. ‘बाय’ या हाकेत न ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून आजवर कोणालाही शंका आली नव्हती.

रेकॉर्डरला सगळं ऐकू येत होतं. तो तिच्या छातीवर, तिच्या कानांपासून वीतभर अंतरावर होता.

वडील सणाला घरी आले तेव्हा आईवडिलांना सांगायचं काम ताईंनी केलं, त्यांच्या बोलीत. मी शेजारी बसले होते. आईने आधी मान हलवली, नाही नाही म्हणून. मग तिने बायला समोर बसवलं, स्वतः तिच्या मागे गेली आणि हळू आवाजात काहीबाही बोलायला लागली. मला अर्थ कळत नव्हता. ताईंनी नंतर सांगितलं, ती म्हणत होती, खाऊ देते, जत्रेला नेते, मामाकडे नेते. मामा म्हटल्यावर बाय वळली. आधीच्या कशाला वळली नव्हती. आई तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

“मी हिला मारलंय,” ती थोड्या वेळाने मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाली. “ऐकत नाय म्हणून.”

वडील बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “जायचं कुठं?”

आम्ही त्र्यंबकवरून नाशिकला गेलो. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात बायला औषध देऊन झोपवलं, डोक्याला आणि कानांमागे तारा चिकटवल्या. यंत्र वेगवेगळे आवाज कानात सोडत होतं आणि झोपलेल्या मेंदूपर्यंत काय पोचतं ते मोजत होतं. आई तिचा पाय धरून बसली होती. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला कागदावर एक रेघ दाखवली. डावीकडे ती बऱ्यापैकी वर होती, उजवीकडे जाताना कड्यावरून उतरावी तशी खाली गेली होती.

“जाड आवाज हिला जवळजवळ तुमच्या-माझ्यासारखे ऐकू येतात,” त्या म्हणाल्या. “बारीक आवाज येतच नाहीत. बहुधा जन्मापासून. दोन्ही कानांत.”

वडिलांनी विचारलं, “मंग ती खुळी नाय?”

“कोण म्हणतं खुळी?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अर्ध्या आवाजावर एवढं समजून घेते ती.”

वडिलांनी ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. पण माणसाला दिलासाही धक्क्यासारखा बसतो, हे मी तेव्हा बघितलं. पाड्यावर खुळी म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांनी ते मनातून मानलंही होतं.

कानाची यंत्रं घ्यायला मात्र घर तयार होईना. सरकारी योजनेतून ती मिळणार होती, प्रश्न त्याचा नव्हता. आईला वाटत होतं, यंत्र लावलं म्हणजे पोर बहिरी आहे हे सगळ्यांना दिसणार. पुढे तिचं लग्न, शाळा. “ऐकते की ती,” आई म्हणायला लागली. “थोडं कमी ऐकते. मी मोठ्यानं बोलेन.”

मोठ्याने बोलून उपयोग नव्हता, हे तिला शब्दांत कसं सांगावं मला कळेना. मग मी डॉक्टरीणबाईंच्या रेघेवरून एक गाळणी तयार केली. बायचं सगळं रेकॉर्डिंग त्या गाळणीतून काढलं. ज्या बारीक आवाजांपुढे तिचे कान बंद होते, ते त्यातून काढून टाकले. पहिल्यांदा ते गाळलेले आवाज मी प्रोग्रामला दिले. अगदी कोरा, काहीच न शिकलेला प्रोग्राम. त्याला सुरुवातीपासून शिकू दिलं आणि काय आलं ते उघडून बघितलं.

आंबा, बैल, मामा, भोपळा, मुंगी, डोंगर.

चूल नव्हती. सूप नव्हतं. साप नव्हता.

मी जे बघत होते त्याचा मला धक्का बसायला नको होता, कारण मी तेच शोधत होते. तरी बसला. एखादं मूल जिथे जिथे अडखळलं, नेमकं तिथे तिथे यंत्र अडखळलं होतं. बायच्या आत काय चाललंय याचा अंदाज करत मी इतके महिने घालवले होते, आणि ते आता माझ्यासमोर उघडं पडलं होतं. फक्त एक शब्द वेगळा होता. ‘चहा’ बायला येत होता, प्रोग्रामला आला नाही. तिचे वडील चहा म्हणताना बशीवर फुंकर मारल्यासारखं करायचे. ती फुंकर तिने पकडली होती. प्रोग्रामला मी ती दिलीच नव्हती.

मग मी तो सापाचा दिवस हेडफोनवर ऐकला, गाळलेला. तो ऐकून झाल्यावर मी ठरवलं की आईला ऐकवायचं.

तिच्या घराच्या ओटीवर आम्ही बसलो. मी आधी काहीच समजावलं नाही. म्हटलं, “हे तुमचंच बोलणं आहे. बायला जसं ऐकू येतं तसं.” तिने हेडफोन लावले. मी आधी एक रोजचं बोलणं लावलं, स्वयंपाकाच्या वेळचं. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. कोणीतरी भिंतीपलीकडे बोलत असावं तसा आवाज. चढउतार आहेत, रागही कळतो, मायाही कळते, फक्त बोलणं काय आहे ते कळत नाही.

“हे मी बोलते?” तिने विचारलं.

“हो.”

“काय बोलते मी?”

“तुम्हाला कळत नाही?”

तिने मान हलवली. मग मी पुढचं लावलं. तिने स्वतःची किंकाळी ऐकली. तिला आठवत होतं आपण काय ओरडलो होतो, तरीही तिला ते शब्द सापडेनात. ‘आ’ ऐकू येत होता, ‘अ’ ऐकू येत होता, शब्द नव्हता. तिने हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले. ते वडिलांनी उचलून कानाला लावले. पूर्ण ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं.

“असं येतं तिला,” ते म्हणाले. ते विचारत नव्हते.

त्यानंतर यंत्रांविषयी घरात वाद झाला नाही.

ती मिळेपर्यंत उन्हाळा लागला होता. ती बसवली त्या दिवशी मी नाशिकला होते. मला वाटत होतं बाय हसेल. तिने दोन्ही हात कानांवर दाबले आणि टाहो फोडला. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात घेतला तरी ती दचकायची. कागदालाही आवाज असतो, हे तिला तोवर माहीत नव्हतं. गाडीत ती आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली आणि शेवटी झोपली.

घरी गेल्यावर त्याहून कठीण झालं. त्या दिवसांत तिथे सागाची पानं गळून सगळीकडे पसरलेली असतात. बाय अंगणातून चार पावलं चालली आणि थिजून उभी राहिली. पायाखालून आवाज येत होता. तिने पाय उचलला, आवाज थांबला. टेकवला, पुन्हा आला. ती खाली बघत होती, मग मागे, मग आईकडे. तिला वाटलं असावं की जमीनच काहीतरी करते आहे. जन्मल्यापासून ती त्याच पानांवरून धावत होती. आता तिला एक पाऊल टाकवेना. वडिलांनी तिला उचलून घेतलं आणि ते स्वतः पानांवरून हळूहळू चालले, तिला दाखवत, की बघ, माझ्या पायालाही येतो.

तवा तापून त्यावर पाण्याचा हबका बसला की ती घराबाहेर पळायची. पाखरांनी तिला हैराण केलं. कितीतरी दिवस ती यंत्रं काढून फेकायची. एकदा एक यंत्र गोठ्यात सापडलं. आई ते पदराने पुसून पुन्हा लावायची. मला वाटत होतं ती कंटाळेल. नाही कंटाळली. ती बायला जवळ घेऊन एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची, वस्तू हातात धरून. मी तिला तसं शिकवलं नव्हतं.

पहिला नवा शब्द मी ऐकला नाही. ताईंनी फोन करून सांगितला. अंगणवाडीत त्या कोणाला तरी चिंच दे म्हणाल्या, आणि पाठ करून बसलेल्या बायने मागे न बघता हात पुढे केला. ताई हे सांगताना मध्येच थांबल्या. माझ्या खोलीबाहेर डेपोत एक गाडी मागे घेत होते, कंडक्टर शिट्टी वाजवत होता. मी ती शिट्टी संपेपर्यंत ऐकत राहिले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसात यंत्रं दमट होऊन बंद पडत, मग तांदळाच्या डब्यात ठेवावी लागत. नवीन बॅटरीसाठी जव्हारला यावं लागे. बाय आता शाळेत जाते. तिचा ‘स’ अजून ‘ह’कडे झुकतो आणि ‘ठ’ तर कुठेच नाही. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले की तिचं निम्मं सुटतं. वडिलांनी शाळेत जाऊन सांगितलं, तेव्हापासून ती पहिल्या ओळीत बसते. पाड्यावर तिला खुळी कोणी म्हणत नाही. आता मशीनवाली म्हणतात. तिच्या आईला तेही आवडत नाही.

मी आता तिथे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी जाते. प्रोग्राम आता वेगळा आहे. मुलाला काय ऐकवलं गेलं आणि मुलाला काय ऐकू आलं, या दोन गोष्टी त्यात आता वेगळ्या धराव्या लागतात. आमच्या प्रमुखांनी त्यावरचा माझा अहवाल वाचला. मग फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, “मुलगी कशी आहे?”

गेल्या खेपेला गेले तेव्हा बायच्या आईच्या मांडीवर काही महिन्यांचा मुलगा होता. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “याला आधी नाशिकला नेऊन आणलं. अजून नाव पण ठेवलं नव्हतं.”

“मग?”

“चांगले हायेत कान. डॉक्टरीणबाईंनी तपासलं.” तिने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. “मी त्यांना म्हणाले, आणखी एकदा बघा. त्यांनी आणखी एकदा बघितलं.”